फॉरमॅट मारण्याआधी: हार्ड डिस्कची नवी वाटणी आणि विंडोज पुन्हा टाकण्याची पूर्ण रीत

सात-आठ वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेल्या कॉम्प्युटरवर बहुधा सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह असतात. सी १०० जीबीचा, काठोकाठ भरलेला, लाल पट्टी दाखवणारा. एफ जवळजवळ रिकामा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि घरगुती वापरासाठीची वाढीव सुरक्षा अपडेट्सही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहेत. त्यामुळे ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि खाडीपलीकडे वाशी-कोपरखैरण्यात, सोसायटीची ऑफिसं, क्लासेस, डीटीपीची दुकानं, सगळीकडे एकच वाक्य कानावर येतं: "एकदा फॉरमॅट मारून घेऊ या."

जरूर मारा. पण विंडोज टाकायला तास-दीड तास पुरतो. त्याआधीची तयारी नीट करायची तर अख्खा दिवस हातात हवा. लोकांचा डेटा जातो तो सेटअपमुळे नाही, या तयारीत केलेल्या घाईमुळे. म्हणून या लेखाचा मोठा भाग पेन ड्राइव्ह लावण्याआधीच्या कामांवर आहे. उदाहरणाला नौपाड्यातल्या, लग्नपत्रिका करून देणाऱ्या एका दुकानातलं मशीन घेतलं आहे: २०१९ चं, आठव्या पिढीचा आय-थ्री, १ टीबीची हार्ड डिस्क, चार ड्राइव्ह, वर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी टायपिंगचं). अशी मशीन आपल्या भागात पुष्कळ आहेत.

आधी डिस्कची तब्येत

मशीन स्लो झालं की दोष विंडोजला दिला जातो. कित्येकदा डिस्कच थकलेली असते, आणि मग फॉरमॅट करून काहीच सुधारत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. वर 'गुड' दिसलं तर पुढे जा. 'कॉशन' दिसलं तर यादीतल्या दोन ओळी बघा: रीअलोकेटेड सेक्टर्स आणि करंट पेंडिंग सेक्टर. पहिली ओळ सांगते की डिस्कने किती खराब जागा बाजूला काढून त्यांच्या बदल्यात राखीव जागा वापरल्या. दुसरी सांगते की किती जागा आत्ता वाचताच येत नाहीत. पेंडिंगचा आकडा शून्य नसेल तर त्या डिस्कवर नवं विंडोज टाकू नका. आधी जमेल तेवढा डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला.

डिस्क ठणठणीत असली तरी माझं स्पष्ट मत असं, की विंडोज ११ साठी छोटी का होईना, एसएसडी (फिरते भाग नसलेली, वेगवान डिस्क) घ्या. २५६ जीबीची पुरते. विंडोज तिच्यावर टाका आणि जुनी हार्ड डिस्क पूर्णपणे डेटासाठी ठेवा. सात वर्षांच्या मशीनमध्ये जेवढा फरक या एका बदलाने पडतो तेवढा दुसऱ्या कशानेही पडत नाही. सध्या एकाच डिस्कवर भागवायचं असेल तरी पुढची रीत तीच.

डेटा नेमका कुठे आहे

हा प्रश्न मालकाला विचारला की साधारण असा संवाद होतो.

"काका, कामाच्या फाइल कुठे ठेवता?"

"डेस्कटॉपवर. समोर दिसतात ना."

"आणि बॅकअप?"

"डी-मध्ये आहे की सगळा."

दोन्ही उत्तरांत धोका आहे. डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो. सी पुसला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स सगळं जातं. आणि डी ड्राइव्ह म्हणजे त्याच डिस्कचा दुसरा तुकडा. डिस्क बंद पडली तर सी-डी-ई-एफ एकदमच बंद पडतात. बॅकअप म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असलेली प्रत. वर्षानुवर्षं जपलेलं काम असेल तर अशा दोन प्रती करा, दोन वेगळ्या डिस्कवर.

नेहमीच्या फोल्डरांशिवाय काय काय उचलायचं ते बघा, कारण विसरतं ते इथेच.

टॅलीचा डेटा. कंपनी निवडताना वर जो पाथ दिसतो तो लिहून घ्या आणि ते अख्खं फोल्डर कॉपी करा. शिवाय टॅलीतूनच रीतसर बॅकअपही घ्या. आणि सर्वांत महत्त्वाचं: टॅलीचं लायसन्स त्या मशीनशी बांधलेलं असतं. फॉरमॅटच्या आधी ते मशीनवरून 'सरेंडर' करा म्हणजे नंतर पुन्हा ॲक्टिव्हेट करताना अडत नाही.

मराठी फॉन्ट. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेलं काम त्या फॉन्टशिवाय वाचता येत नाही. कोरलड्रॉची फाइल उघडते, पण अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा गोंधळ दिसतो. विंडोज फोल्डरच्या आतलं फॉन्ट्सचं फोल्डर बाहेर कॉपी करून ठेवा. सॉफ्टवेअरची मूळ सीडी किंवा इन्स्टॉलर, सीरियल नंबर आणि डोंगल (यूएसबीला लावायची सॉफ्टवेअरची चावी) असेल तर त्याचा ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा छोटा प्रोग्रॅम) हाताशी आहे याची खात्री फॉरमॅटच्या आधी करा. जुनं सॉफ्टवेअर विंडोज ११ वर चालतं का, हेही विक्रेत्याला आधीच विचारा.

आउटलुक वापरत असाल तर मेल साठवलेली पीएसटी फाइल. क्रोममधले पासवर्ड आणि बुकमार्क गूगल खात्याशी सिंक झालेत का ते. जीएसटी किंवा आयकरासाठी डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याचा ड्रायव्हर. वनड्राइव्ह चालू असेल तर फाइलवरच्या चिन्हाकडे लक्ष द्या: ढगाचं चिन्ह म्हणजे ती फाइल या डिस्कवर नाहीच, फक्त ऑनलाइन आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू केल्याशिवाय ॲपडेटा फोल्डर दिसत नाही, आणि अनेक प्रोग्रॅमांची सेटिंग्ज तिथेच असतात.

कॉपी संपली म्हणजे काम संपलं नाही. मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइलींची संख्या आणि आकार जुळवा. मग बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-दहा फाइल प्रत्यक्ष उघडा: एक जुना फोटो, एक एक्सेल, एक पीडीएफ, टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून बघा. हे झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नका.

दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या

पहिली बिटलॉकरची, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणाऱ्या विंडोजच्या सोयीची. बऱ्याच नव्या लॅपटॉपांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं, मालकाला पत्ताही नसतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती उतरवून घ्या. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की मशीन हीच की मागू शकतं, आणि ती नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणालाही काढता येत नाही.

दुसरी लायसन्सची. सेटिंग्ज, सिस्टम (विंडोज १० मध्ये अपडेट अँड सिक्युरिटी), ॲक्टिव्हेशनमध्ये विंडोजची एडिशन, होम की प्रो, ती लिहा. डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. तीच एडिशन टाकली तर इंटरनेट लागल्यावर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं. विंडोज १० चं अस्सल डिजिटल लायसन्स ११ लाही चालतं. होमच्या जागी प्रो टाकलं की 'ॲक्टिव्हेट विंडोज' हे वाक्य कोपऱ्यात येऊन बसतं.

वाटणी ठरवायची कशी

रन उघडून 'एमएसइन्फो३२' (msinfo32) लिहा. (इथून पुढचे सगळे आदेश रोमन लिपीत टाइप करायचे.) 'बायोस मोड' या ओळीत 'लेगसी' (मशीन सुरू व्हायची जुनी पद्धत) की 'यूईएफआय' (नवी) ते दिसेल. मग डिस्क मॅनेजमेंट उघडा, खाली डाव्या बाजूला 'डिस्क ०' वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स. 'पार्टिशन स्टाइल'पुढे एमबीआर किंवा जीपीटी असेल.

एमबीआर ही डिस्कच्या तुकड्यांची (पार्टिशनांची) नोंद ठेवायची जुनी पद्धत, जीपीटी नवी. तिच्यात २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण वापरता येत नाही आणि प्रायमरी पार्टिशन चारच होतात, म्हणून दुकानदार एक एक्स्टेंडेड पार्टिशन करून त्याच्या पोटात डी, ई, एफ घालायचे. जीपीटीत विंडोज १२८ पार्टिशनं करू देतं. विंडोज ११ ला यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या चाव्या साठवणारी चिप) लागतं, आणि यूईएफआयने बूट होणारं विंडोज जीपीटी डिस्कवरच बसतं. डेटा न पुसता बदल करणारं 'एमबीआर२जीपीटी' हे मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे, पण त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशनं चालतात आणि एक्स्टेंडेड पार्टिशन अजिबात चालत नाही. म्हणजे काकांच्या चार ड्राइव्हवाल्या मशीनवर ते नकार देणार. तिथे पूर्ण डिस्क पुसून नव्याने मांडणं हाच सरळ रस्ता.

"पण सगळं न पुसता एफमधली जागा सीला देता येत नाही का?" हा प्रश्न हमखास येतो. विंडोजचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फक्त लगेच उजवीकडे असलेली रिकामी जागा घेऊ शकतं. शेजारचा फ्लॅट विकत घेऊन भिंत पाडता येते, मजल्याच्या दुसऱ्या टोकाचा फ्लॅट आपल्याला जोडता येत नाही. मध्ये डी, ई किंवा रिकव्हरी पार्टिशन असेल तर तो पर्याय करडाच राहतो. जीपार्टेडसारखी साधनं मधली पार्टिशनं सरकवतात, पण शेकडो जीबी डेटा इकडून तिकडे हलतो आणि मध्येच वीज गेली तर तो अर्धवट राहतो. पूर्ण बॅकअप हातात असेल तर नव्याने मांडणंच जास्त सुरक्षित, आणि बहुतेकदा लवकरही होतं.

आता किती तुकडे? दोन. सी आणि डी, बस्स. चार ड्राइव्ह केले की कुठला तरी एक आधी भरतो आणि बाकीच्यांतली जागा वाया जाते. १ टीबी डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ५१२ जीबीची एसएसडी ४७६. चोरी झालेली नसते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. ९३१ मधले २५० सीला, उरलेले डीला द्या. विंडोज ११ ची किमान मागणी ६४ जीबी आहे, पण दर वर्षीचं मोठं अपडेट, कोरल, टॅली, ब्राउझरची साठवण धरून २०० च्या खाली जाऊ नका. २५६ जीबीची एकच एसएसडी असेल तर तिचे तुकडेच करू नका. फिरत्या हार्ड डिस्कवर सी पहिलाच असू द्या: डिस्कची सुरुवात तबकडीच्या बाहेरच्या कडेला असते आणि तिथे वाचण्याचा वेग जास्त मिळतो.

ही मांडणी कागदावर काढा आणि प्रत्येक तुकड्यापुढे आकार लिहा. सेटअपमध्ये सी, डी ही अक्षरं दिसत नाहीत, फक्त 'डिस्क ० पार्टिशन ३' असे आकडे दिसतात. तिथे ओळख पटते ती आकारावरून.

पेन ड्राइव्ह आणि बायोस

किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ते सांगेल तसं करत जा. आयएसओ फाइल (अख्खा विंडोज सेटअप असलेली एकच फाइल) आधीच असेल तर रूफस या मोफत साधनाने बनवा, त्यात पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय निवडा. कोणीतरी 'हलकं करून दिलेलं', आधीच ॲक्टिव्हेट केलेलं विंडोज टाकू नका. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार आणि गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत तिथे आत काय घातलंय हे कळण्याचा मार्ग नसतो.

दुसऱ्या पेन ड्राइव्हवर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून वाय-फायचा आणि स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या. अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपवर सेटअपला एसएसडी दिसतच नाही, कारण ती व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. तेव्हा 'लोड ड्रायव्हर' दाबून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर दाखवावा लागतो. तो उघडलेल्या, म्हणजे आयएनएफ फाइल दिसेल अशा रूपात हवा. नुसती ईएक्सई चालत नाही.

दिवस निवडताना महावितरणचा मेसेज बघा. दुरुस्तीसाठी वीज बंद राहणार असेल त्या दिवशी हे काम नको. डेस्कटॉप यूपीएसवर हवा, लॅपटॉपला चार्जर लावलेला हवा. मशीनमध्ये दुसरी डिस्क असेल तर कॅबिनेट उघडून तिची साटा केबल काढून ठेवा. नसलेली डिस्क चुकून पुसता येत नाही. बॅकअपची डिस्कही आता दूर, कपाटात.

डेस्कटॉपवर डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. सीएसएम (जुन्या, लेगसी पद्धतीने सुरू होऊ देणारी सोय) बंद करा, सिक्युअर बूट चालू करा, टीपीएम चालू करा. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम. सीएसएम बंद झाल्यावर जुनं एमबीआरवरचं विंडोज सुरू होणार नाही. घाबरू नका, परत चालू केलं की ते येतं. बूट मेन्यूची कळ डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या बोर्डवर एफ८, एमएसआयवर एफ११. मेन्यूत पेन ड्राइव्हच्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेली नोंदच निवडा.

प्रत्यक्ष सेटअप

भाषा इंग्रजी ठेवली तरी टाइम अँड करन्सी फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' निवडा, म्हणजे तारीख आणि रुपया नीट येतात. प्रॉडक्ट की विचारली की 'आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की', आणि मग कागदावर लिहिलेली एडिशन. नव्या सेटअपमध्ये फाइल, ॲप, सेटिंग्ज सगळं पुसलं जाईल हे मान्य आहे का, अशी चौकट येते. कुठलं पार्टिशन पुसायचं ते अजून पुढच्या पडद्यावर ठरतं.

तो पडदा आला की हात माउसवरून काढा आणि कागद समोर धरा. ९३१ जीबीची डिस्क कुठली, ती 'डिस्क ०' आहे की 'डिस्क १', ते आकारावरून जुळवा. पेन ड्राइव्हही यादीत असू शकतो.

जीपीटी डिस्क असेल आणि डी तसाच ठेवायचा असेल, तर फक्त जुना सी, सिस्टम, एमएसआर (विंडोजने स्वतःसाठी राखलेला छोटा तुकडा) आणि रिकव्हरी ही पार्टिशनं डिलीट करा, डीला हात लावू नका. काकांच्या मशीनसारखी एमबीआर डिस्क असेल तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काळी खिडकी उघडेल. 'डिस्कपार्ट' (diskpart) लिहा, एंटर. 'लिस्ट डिस्क' लिहा आणि आकार पुन्हा वाचा. 'सिलेक्ट डिस्क ०', आकड्याच्या जागी तुमच्या डिस्कचा आकडा. 'क्लीन'. 'कन्व्हर्ट जीपीटी'. 'एक्झिट'. यातला 'क्लीन' पुन्हा काही विचारत नाही, पूर्ण डिस्कची मांडणी क्षणात पुसतो. म्हणून त्याआधी 'लिस्ट डिस्क' परत एकदा देऊन नावापुढची चांदणी बरोबर ओळीवर आहे ना, ते बघा.

खिडकी बंद करून 'रिफ्रेश' करा. सगळी जागा 'अनलोकेटेड' दिसेल. 'क्रिएट पार्टिशन' दाबून आकार एमबीमध्ये लिहा: २५० जीबीसाठी २५६०००, २०० साठी २०४८००. विंडोज स्वतःहून १६ एमबीचं एमएसआर आणि एक छोटं सिस्टम पार्टिशन बनवतं. ते वाया गेलेले तुकडे समजून पुसू नका, विंडोजला ते लागतातच. आता मोठं, प्रायमरी पार्टिशन निवडा आणि 'नेक्स्ट'. उरलेली जागा तशीच राहू द्या.

मशीन एक-दोनदा रीस्टार्ट होईल. पहिल्या रीस्टार्टनंतर 'प्रेस एनी की' आलं तर काही दाबू नका, नाहीतर सेटअप पहिल्यापासून सुरू होतो. वाय-फाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक वेळा त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

विंडोज उघडल्यावर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये उरलेल्या काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, अक्षर डी, नाव 'कामाच्या फाइल'. मग डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप फोल्डरांच्या प्रॉपर्टीजमध्ये 'लोकेशन' टॅबवरून त्यांना डीवर केलेल्या फोल्डरांत हलवा. काका पुढेही डेस्कटॉपवरच फाइल ठेवणार आहेत, तर त्यांची सवय बदलण्यापेक्षा डेस्कटॉपच डीवर गेलेला बरा. मात्र वनड्राइव्हने डेस्कटॉपचा ताबा घेतला असेल तर आधी त्याच्या सेटिंगमधून तो बॅकअप बंद करावा लागतो.

विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, ऑप्शनल अपडेट्समधले ड्रायव्हर बघा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलंय का तपासा. डिव्हाइस एन्क्रिप्शन पुन्हा बघा: मायक्रोसॉफ्ट खात्याने नवं विंडोज ११ टाकलं की ते अनेक मशीनवर आपोआप चालू होतं. चालू असेल तर नवी की उतरवा, जुनी आता चालणार नाही.

मराठीसाठी लँग्वेज अँड रीजनमध्ये मराठी जोडा. इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड विंडोजमध्येच आहेत. 'मंगल फॉन्ट गेला' अशी तक्रार फॉरमॅटनंतर ठरलेली. तो गेलेला नसतो: आता विंडोजसोबत निर्मला येतो, आणि मंगल, कोकिला, अपराजिता हे ऑप्शनल फीचर्समधल्या 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स'मधून टाकावे लागतात. सरकारी फॉर्म मंगलमध्ये भरणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं.

डेटा परत आणताना नुसतं कॉपी करून थांबू नका. मागच्या वर्षीची पत्रिका उघडून एक प्रिंट काढा, जोडाक्षरं आणि रफार जागेवर आहेत का बघा. टॅलीचा ताळेबंद जुन्या प्रिंटशी ताडून पाहा. डिजिटल सहीने एकदा लॉगिन करा. हे सगळं चालेपर्यंत, किंबहुना पुढचा एक महिनाअखेर पार पडेपर्यंत, बॅकअपच्या डिस्कवरचं काहीही पुसू नका.

विंडोज ११ न चालणाऱ्या मशीनचं

मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर अधिकृत यादीत नाही. असं मशीन ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास एवढ्यासाठी असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टम टाका. मराठी कीबोर्ड आणि लिब्रेऑफिस त्यात मिळतं. टॅली आणि श्रीलिपी मात्र विंडोजवरचीच आहेत, तेव्हा दुकानाच्या मशीनसाठी हा सल्ला नाही. विंडोजशेजारी ठेवायचं असेल तर आधी विंडोजमधूनच सी आक्रसून ५०-६० जीबी मोकळे करा, फास्ट स्टार्टअप बंद करा, आणि सेटअपमध्ये 'समथिंग एल्स' निवडून ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइल असलेलं सिस्टम पार्टिशन) फॉरमॅट न करता तसंच वापरा. नंतर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स बोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज स्थानिक. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) दिलं की दोन्ही जुळतात.

चुकीचं पार्टिशन उडालंच तर

जिथे आहात तिथे थांबा. नवं पार्टिशन करू नका, फॉरमॅट करू नका, त्या डिस्कवर रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा टाकू नका. मशीन बंद करा, डिस्क काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. पार्टिशन नुसतं डिलीट झालं असेल तर हार्ड डिस्कवरचा डेटा जागेवरच असतो, पुसलेला असतो तो फक्त नकाशा. टेस्टडिस्क हे मोफत साधन तो पुष्कळदा पुन्हा लिहून देतं. सापडलेल्या फाइल त्याच डिस्कवर न उतरवता तिसऱ्या डिस्कवर उतरवा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हेही करू नका, ती थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडे द्या. एसएसडीवर मात्र ही सवड नसते: फॉरमॅट होताच ट्रिम आदेशाने ती जागा मोकळी झाल्याचं डिस्कला कळवलं जातं, आणि त्यानंतर बहुतेक वेळा काढण्यासारखं काही उरत नाही.